भेंडवळचा घट आणि सुवाची पेज

जानेवारीत, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी धाकट्या चुलतबहिणीचा जपानहून एक फोटो आला. ती नोकरीसाठी नागानो प्रांतात राहते. फोटोत पांढऱ्या कपड्यांतला एक पुजारी, समोर मधोमध चिरलेल्या नळ्यांची रांग आणि नळ्यांत चिकटलेली भाताची शितं. खाली तिनं लिहिलं होतं, "दादा, इथंपण भेंडवळ आहे!"

आमच्या घरात हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण इथे वाचायला येणारी निम्मी मंडळी पुण्या-मुंबईची आणि त्याहून लांबची, म्हणून आधी भेंडवळचं सांगतो.

भेंडवळ हे बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यातलं एक गाव. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णेचं खोरं. दरवर्षी अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात घट मांडतात. वर्तुळात अठरा धान्यं ओळीनं ठेवतात. मधे खड्डा करून त्यात मातीची चार ढेकळं, ती पावसाच्या चार महिन्यांची. ढेकळांवर पाण्यानं भरलेली घागर. घागरीवर पुरी, पापड, कुरडई, सांडोई, वडा, भजं, करंजी. शिवाय विडा-सुपारी. मग सगळ्यांनी निघून जायचं, आणि रात्रभर तिकडे कुणी फिरकायचं नाही. पहाटे उजाडताना जाऊन बघायचं: कुठलं धान्य जागचं हललं, कुठलं विखुरलं, कुठलं ढेकूळ भिजलं, पानाचं काय झालं. त्यावरून त्या सालचा पाऊस, पिकं आणि देशाचं बरंवाईट सांगतात. ही पद्धत चंद्रभान महाराज वाघ यांनी सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी घालून दिली असं मानतात, आणि आजही वाघ घराण्यातलेच वंशज ती चालवतात.

प्रत्येक वस्तूला अर्थ आहे. पुरी म्हणजे पृथ्वी. करंजी म्हणजे देशाची तिजोरी. करडी म्हणजे संरक्षण, मसूर म्हणजे परका शत्रू, भादली म्हणजे रोगराई. विडा म्हणजे राजा. हल्ली टीव्हीवाले सगळ्यात आधी धावतात ते या विड्याकडे. राजा राहणार की जाणार, एवढंच त्यांना हवं असतं. २०२४ साली लोकसभेची आचारसंहिता लागू होती म्हणून राजकीय भाकीत जाहीर केलं नाही, तर तेवढीच बातमी झाली. खरं सांगायचं तर मला हे रुचत नाही. माझ्या लहानपणी पान सोडून सगळं विचारलं जायचं.

माझं आजोळ त्याच तालुक्यातलं. आठ-नऊ वर्षांचा असताना आबांबरोबर मी एकदा गेलो होतो. रात्री तीनला बैलगाडी जुंपली होती. उजाडायच्या आत शेताच्या बांधावर हे एवढे लोक! विदर्भातले, खानदेशातले, मराठवाड्यातले, वरून मध्य प्रदेशातले. आम्हा पोरांना घट काही दिसला नाही, नुसत्या पाठी आणि टोप्या दिसल्या. पण एकेका धान्याचं नाव घेऊन सांगितलं जायचं तेव्हा गर्दीतून जो आवाज उठायचा तो आठवतो. ज्वारीला एक, तुरीला एक. सरकीला सगळ्यात मोठा. परत येताना रस्त्यात भेटेल तो विचारायचा, "काय म्हनते भेंडवळ औंदा?" आणि आबा गाडी न थांबवता सांगायचे, "जुलैत हाये पानी, पुढं पाहू."

आता जपानकडे वळतो. बहिणीनं पाठवलेला फोटो सुवा नावाच्या तळ्याकाठच्या शिंतो देवस्थानातला होता. शिंतोला आपल्या लोकदैवतांसारखंच समजा. एक संस्थापक नाही, एक पोथी नाही. गावाचा देव, डोंगराचा देव, पाण्याचा देव, आणि वर्षाचे विधी बहुतेक सगळे भाताच्या शेतीभोवती फिरणारे. या देवस्थानात १४ जानेवारीच्या रात्री मोठ्या कढईत तांदूळ आणि लाल चवळीसारखे बारीक दाणे घालून पेज रटरटत ठेवतात. तिच्यात देवनळाच्या नळ्या सोडतात. आपल्याकडे ज्याचे बोरू करायचे तसलंच गवत ते. नळ्या ४४. त्यातल्या ४३ एकेका पिकाच्या आणि उरलेली एक 'जगा'ची. रात्रभर शिजल्यावर पहाटे नळ्या बाहेर काढून चिरतात, आत किती शितं शिरली ते बघतात आणि पिकाचा अंदाज सांगतात. जगाच्या नळीला पाचपैकी गुण देतात!

हा फोटो बघून मी तासभर तरी नुसता बसून राहिलो होतो. रात्र, मग पहाट. धान्य. पिकांची यादी आणि यादीच्या शेवटी राज्याची, जगाची चौकशी. ओसाकाजवळच्या हिराओका देवळातही जानेवारीत अशीच पेज शिजवतात. तिथे नळ्या ५३, आणि शिवाय बारा महिन्यांची बारा लाकडं जाळून कुठलं किती जळलं त्यावरून त्या त्या महिन्याचं हवामान सांगतात. आपली चार ढेकळं, त्यांची बारा लाकडं. आपल्याला चारच महिन्यांची काळजी, म्हणून चार.

कुणी कुणाकडून उचललं असला प्रश्न मी काढणार नाही. साडेपाच-सहा हजार किलोमीटरवरच्या दोन शेतकऱ्यांना एकच गोष्ट सुचू शकते. मला जास्त नवल वाटलं ते वेळेचं. आखाजी येते एप्रिलच्या अखेरीस किंवा मेमध्ये. विदर्भात पाऊस पोचायला जून अर्धा होतो. या मधल्या महिना-दीड महिन्यातच बियाण्याचे पैसे उभे करायचे असतात, तूर किती आणि सरकी किती हे ठरवायचं असतं. खानदेशात सालदाराचं सालही आखाजीलाच संपतं आणि नवं सुरू होतं. म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा जुगार खेळायच्या बरोबर आधी घट मांडला जातो. सुवातही तसंच. जानेवारीत रान बर्फाखाली असतं, हात रिकामे असतात, आणि वसंतात काय पेरायचं याचा घोर असतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव हा सगळा पूर्णेचा खारपाण पट्टा. विहिरीचं पाणी खारट. प्यायला धड नाही, आणि शेताला दिलं तर काळी जमीन बिघडते. ऊस नाही, बागाईत नाही, वरून पडेल तेच. ज्याच्या विहिरीला गोडं पाणी आहे तो घटातली ढेकळं बघायला पहाटे तीनला गाडी कशाला जुंपेल? घटमांडणी इथे टिकली यामागे श्रद्धा आहे हे खरं, पण खारं पाणीही आहे असं मला वाटतं.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते या भाकितांना वेळोवेळी आव्हान देत आले आहेत आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. मातीची घागर रात्रभर झिरपणारच. दाण्यांना मुंग्या लागणार, उंदीर येणार, वारा सुटणार. "काही भागात जास्त, काही भागात कमी" असं म्हटलं की ते चुकायची सोयच राहत नाही. पण आबांना मी हे मोठ्या आवेशानं सांगितलं होतं (कॉलेजात होतो, दुसरं काय करणार :-) तेव्हा ते म्हणाले होते, "मंग तुह्या रेडूवाल्याचं काय?"

त्या रेडिओवाल्याचाही इतिहास बघण्यासारखा आहे. आपलं हवामान खातं १८७५ सालचं. ब्लॅनफोर्ड नावाच्या साहेबानं हिमालयातल्या बर्फावरून मान्सूनचा पहिला रीतसर अंदाज दिला तो ४ जून १८८६ ला. तेव्हापासून शास्त्र खूप पुढे गेलं, यात वाद नाही. तरी २००२ साली पाऊस सर्वसाधारण होईल असं सांगितलं गेलं आणि जुलैत देशभर जवळजवळ निम्माच पडला. सबंध मोसमाचा आकडा सरासरीच्या ८१ टक्क्यांवर अडकला. त्यानंतर खात्यानं अंदाजाची पद्धतच बदलली. इथे मला फरक दिसतो. खात्याला आपलं चुकलं हे आकड्यांत मोजता आलं, कारण अंदाजही कागदावर होता आणि पाऊसही. भेंडवळचं सगळं तोंडी. साडेतीनशे हा आकडासुद्धा तोंडीच चालत आलेला.

आणि नेमकं इथेच सुवाचं तळं मला सोडत नाही. त्या तळ्यावर आणखी एक प्रकार आहे. कडाक्याच्या थंडीत तळं पूर्ण गोठलं की दिवसा-रात्रीच्या तापमानाच्या फरकानं बर्फाला भेगा पडतात आणि या काठापासून त्या काठापर्यंत बर्फाचा बांधासारखा उंचवटा उठतो. एका काठच्या देवळातला देव पलीकडच्या काठच्या देवीला भेटायला तळं ओलांडून गेला, त्याची ही वाट, असं लोक मानतात. त्याला 'ओमिवातारी' म्हणतात. यात्सुरुगी नावाच्या लहानशा देवळाचा पुजारी आणि गावकरी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत रोज पहाटे काठावर जाऊन बघतात. वाट उठली तर तिची दिशा जुन्या नोंदींशी ताडून त्या सालचं पीक आणि जगाचं भविष्य सांगतात. तळ्याच्या या नोंदी १४४३ सालापासूनच्या आहेत. पावणेसहाशे वर्षं! राजे बदलले, लढाया झाल्या, १८७१ मध्ये सरकारनं देवळांतली वंशपरंपरेची पुजारीपदं रद्द केली, १९४५ मध्ये देश हरला, पण तळं कधी गोठलं हे लिहायचं काही कुणी थांबवलं नाही. अगदी काहीच नाही झालं तर 'यंदा गोठलं नाही' असं लिहायचं.

पुढे शास्त्रज्ञांना या वह्यांचं महत्त्व कळलं. २०१६ साली जपान, कॅनडा आणि अमेरिकेतल्या मंडळींनी सुवाच्या नोंदी आणि फिनलंडमधल्या एका नदीचं बर्फ कधी फुटतं याच्या १६९३ पासूनच्या नोंदी एकत्र तपासल्या. सुवाच्या पहिल्या अडीचशे वर्षांत तळं न गोठलेले हिवाळे होते तीन. १९५५ ते २००४ या पन्नास वर्षांत बारा. २०१८ नंतर देवाची वाट २०२५ पर्यंत एकदाही उठली नाही. भविष्य खरं ठरलं की खोटं हे आज कुणी विचारत नाही. ज्यांनी ते सांगितलं त्यांनी काय पाहिलं तेवढं लिहून ठेवलं, आणि पृथ्वी तापते आहे याचा तो पुरावा झाला.

मग भेंडवळचा विचार करा. समजा कुणी दरवर्षी एका वहीत दोन ओळी लिहिल्या असत्या. घटात ही अठरा धान्यं होती. घरी परतताना आभाळ असं होतं. पहिला पाऊस अमुक दिवशी आला. छप्पन्नच्या काळात, म्हणजे १८९९-१९०० च्या दुष्काळात, वऱ्हाड भाजून निघालं. त्या वैशाखात लोक घटाकडे काय आशेनं बघत असतील? ते सगळं हवेत गेलं.

तरी एक कागद अजून आहे असं मी म्हणेन, तो म्हणजे अठरा धान्यांची यादी. गहू, ज्वारी, बाजरी, तांदूळ, तूर, मूग, उडीद, मटकी, हरभरा, मसूर, वाटाणा, लाख, तीळ, जवस, करडी, अंबाडी, सरकी, भादली. वाचताना कसं वाटतं? मला तर आजीच्या कोठीत शिरल्यासारखं वाटतं. यातलं जवस आज आमच्या शिवारात कुणाकडे आहे? अंबाडी भाजीपुरती बांधाला. लाखेच्या डाळीनं पाय लुळे पडतात म्हणून तिच्या विक्रीवर १९६१ मध्ये बंदी आली, पण घटातली तिची जागा कुणी काढली नाही. आणि ज्या सोयाबीननं गेल्या तीस-चाळीस वर्षांत आमची सगळी शेती व्यापून टाकली, ते वर्तमानपत्रांत छापून येणाऱ्या या यादीत मला दिसलं नाही. घटाला बाजार समितीची खबर नाही. त्याला ठाऊक आहे ती आबांच्या आजोबांची शेती.

भादलीचं तर आणखी गमतीचं आहे. भादली म्हणजे राळा. आपल्या घटात ती रोगराईची खूण. जपानात तिलाच 'आवा' म्हणतात, आणि दरवर्षी २३ नोव्हेंबरला सम्राट नव्या पिकाचा नैवेद्य देवाला दाखवतो त्यात नव्या तांदळाबरोबर ही आवा असते. २०१९ साली नवा सम्राट गादीवर आला तेव्हाच्या मोठ्या विधीतही तांदूळ आणि आवा दोन्ही होते. तिकडे कुणी भादलीचं शेत शोधायला जात असेल का, की ती मुद्दाम त्यासाठीच पेरत असतील, हे बहिणीला विचारायचं राहिलंय. आमच्याकडे तर भादली दाखवायला आता घटापाशीच जावं लागेल.

जपाननं एक चूक केली असं मात्र मला वाटतं. १ जानेवारी १८७३ पासून त्यांनी इंग्रजी कालगणना घेतली आणि सणही तिच्यावर चढवले. पेजेचा विधी जुन्या हिशेबानं वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेचा. आता तो १५ जानेवारीला होतो, चंद्र असो नसो. ताऱ्यांचा सण ७ जुलैला आला, ऐन पावसाळ्यात, तारे दिसेनात! काही गावं म्हणून तो ऑगस्टमध्ये करतात. आपण पगार इंग्रजी तारखेनं घेतला, पण आखाजी वैशाख शुद्ध तृतीयेचीच राहू दिली. त्या दिवशी घरोघरी पितरांच्या नावानं घागर भरतात, आमरस होतो. घरात पितरांची घागर आणि शेतात पावसाची घागर, एकाच दिवशी. हे मी मोठा झाल्यावर ध्यानात आलं.

असो. आता जे सांगायला बसलो ते सांगतो.

आबांच्या वह्या होत्या. लाल कापडाच्या बांधणीच्या, लांबट. मी त्या कॉलेजात असताना एकदा चाळल्या होत्या, त्यात भेंडवळचं काय काय लिहिलं असेल म्हणून. एक ओळ नव्हती. दरवर्षी घटाला जाणारा माणूस, पण वहीत भाकीत नाही. होतं ते असं: मृगात पाणी आलं की नाही, पेरणी कुठल्या दिवशी, सालदाराला उचल किती दिली, कापूस किती मण निघाला, कुठला बैल कितीला घेतला. १९७२ च्या वहीत एक पान होतं ज्यावर तारखांपुढे फक्त "पानी नाही" लिहिलेलं, खाली परत "पानी नाही", आणि मग पाच-सात तारखा नुसत्याच, त्यांच्यापुढे काहीच नाही. त्याच साली मोठी मावशी खडी फोडायच्या कामावर जायची आणि सुकडी घेऊन यायची, हे ती आजही सांगते. आबांनी ते वहीत लिहिलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी आजोळचं जुनं घर पाडलं. मामाचा दोष नाही, भिंती खचल्या होत्या. मीच म्हणालो होतो की वह्या बाजूला ठेव, मी येऊन नेतो, आणि मीच सुट्टी मिळत नाही म्हणत दोन महिने काढले. गेलो तोवर माळ्यावरची सगळी पोती रद्दीत गेली होती. तीन वह्या मामीनं डब्यात ठेवल्या होत्या म्हणून वाचल्या. त्यातली एक वाळवीनं खाल्लेली. १९७२ ची त्यात नाही.

बुलढाणा २००६ साली पंतप्रधानांच्या पॅकेजमधल्या सहा जिल्ह्यांपैकी एक होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर तेव्हापासून कितीतरी अहवाल निघाले. त्यात टक्के आहेत, हेक्टर आहेत. कुठल्या वर्षी मृग कोरडा गेल्यावर एका घरानं बैल विकला हे अशा वह्यांतच सापडलं असतं, आणि मी ते सुट्टीच्या कारणावरून घालवलं.

बहिणीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, मलकापूरच्या मावशीकडे एक असेल. लग्नात आबांनी तिला गाईचा हिशोब लिहून दिला होता, तो कुठल्यातरी वहीतच होता ना?" मावशीला विचारलं. तिला नक्की आठवत नाही, पण पेटी उघडून बघते म्हणाली.

तर नातेवाईक मंडळींपैकी जे हे वाचताय त्यांना विनंती: आपापल्या पेट्या, माळे, देवघराच्या खालचे कप्पे बघा. हिशोबाची वही, पंचांगाच्या समासात लिहिलेलं काही, सालदाराच्या उचलीची चिठ्ठी, काहीही चालेल. फोटो काढून पाठवा, मूळ तुमच्याकडेच ठेवा. वाचलेल्या दोन वह्या मी टाइप करायला घेतल्यात. यंदाच्या आखाजीला मलकापूरला जाऊन मावशीची पेटी बघणार आहे, आणि गाडी मिळाली तर दुसऱ्या दिवशी पहाटे भेंडवळला. वही बरोबर नेईन.